ताऱ्यापासून ब्रेकरपर्यंत : मेघनाद साहा

व्हायव्हाला इलेक्ट्रिकलवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये हवाच नाही, तर मग आर्क कशाचा होतो? उत्तर असं, की कॉन्टॅक्ट सुटताना शेवटच्या बारीक टोकावर धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. झाला प्लाझ्मा! पण किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटले, हे कसं काढायचं? इथं ज्याचं समीकरण हाताशी घ्यावं लागतं, तो ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा.

मेघनाद साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा. आठ भावंडांतले ते पाचवे. गावात शाळा प्राथमिकपर्यंतच, पुढची दहा किलोमीटरवर. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना फुकट ठेवून घेतलं. अट एवढीच, की आपलं ताट आपण धुवायचं आणि घरची गाय सांभाळायची. ताटाची अट कशासाठी, हे आपल्या भागातल्या पोरांना फोड करून सांगायला नको.

१९०५ मध्ये स्कॉलरशिपवर ते ढाक्याच्या शाळेत आले. दिवस वंगभंगाचे. गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून शाळेतून नाव काढलं, स्कॉलरशिपही गेली. दुसऱ्या शाळेतून शिकून १९११ ला कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोचले. वर्गात सत्येंद्रनाथ बोस, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय. असा वर्ग कुणाला मिळतो! पण ईडन हिंदू हॉस्टेलच्या मेसमध्ये वरच्या जातीच्या काही मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला. सरस्वतीपूजेलाही त्यांना मज्जाव झाला. विद्येच्या देवीच्या पूजेला, आणि तोही अशा विद्यार्थ्याला! १९१५ च्या एम.एस्सी.त सत्येंद्रनाथ पहिले आले, साहा दुसरे.

पुढे कलकत्ता विद्यापीठात शिकवताना त्यांनी एक कोडं हाती घेतलं. सूर्याच्या वरच्या, विरळ थरात आयन झालेल्या कॅल्शियमच्या रेषा ठळक दिसतात, त्या का? साहांनी अणूचं आयन आणि इलेक्ट्रॉन होणं ही एक रासायनिक अभिक्रियाच मानली. म्हणजे केमिस्ट्रीतला इक्विलिब्रियम! तापमान वाढलं की इलेक्ट्रॉन जास्त सुटणार, हे कुणीही सांगेल. पण दाब कमी झाला तरी सुटणार, कारण विरळ जागेत सुटलेला इलेक्ट्रॉन परत सापडत नाही. शिवाय प्रत्येक मूलद्रव्याची किंमत वेगळी. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुटतो, तांब्याचा ७.७ ला, हायड्रोजनचा १३.६ ला. हे सगळं एका समीकरणात बसवून १९२० मध्ये त्यांनी 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापलं. ताऱ्यांच्या वर्णपटांत इतका फरक का, याचं उत्तर त्यातून निघालं. वय अवघं सव्वीस!

आता ब्रेकरकडे या. आपल्याकडच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला जे व्हीसीबी बसवतात, त्यांचे कॉन्टॅक्ट बहुधा तांबं-क्रोमियमचे. कॅथोडवर आर्कचे जे बारीक ठिपके नाचतात, त्यांच्या अगदी जवळ प्लाझ्मा इतका दाट असतो की तिथं साहांचं समीकरण चालतं. तिथून सुटल्यावर मात्र तो सेकंदाला दहा किलोमीटरहून जास्त वेगानं पसरतो. आयन आणि इलेक्ट्रॉनला पुन्हा जुळायला वेळच मिळत नाही. म्हणून मॉडेल करणारे ठिपक्यापाशी साहा-समीकरण लावतात आणि पुढं तो हिशोब गोठवून ठेवतात. तांब्याच्या आयनांवर सरासरी दोनच्या आसपास धनभार मिळतो तो यामुळंच. दोन इलेक्ट्रोडमधल्या सगळ्या गॅपला हे समीकरण सरसकट लावलं तर उत्तर चुकणार, कारण ते समतोल गृहीत धरतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं!

१९२३ ला साहा अलाहाबादला गेले. १९२७ ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं नाही. १९३८ ला कलकत्त्याला परतून त्यांनी अणुभौतिकीची संस्था उभी केली. १९५२ मध्ये अपक्ष उभे राहून थेट लोकसभेत गेले. नदी, पूर, उद्योग, सगळ्यावर बोलायचे, भांडायचे. त्याच वर्षी पंचांग सुधारणा समितीचं अध्यक्षपदही आलं. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना वाटेतच ते कोसळले आणि गेले. समितीनं सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला लागू झाली.