कोकणच्या मोळीचा हिशेब मांडणारा डॉक्टर

मुरुड - फणसाड अभयारण्यात शिरले की किनाऱ्याचा उकाडा मागे पडतो. गारंबीच्या वेली, शेकरू आणि उन्हाळ्यातही ओलावा धरून राहणारी गाणी यांसाठी हे जंगल प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या नवाबांनी ते शिकारीसाठी राखले म्हणून वाचले. अभयारण्य झाले ते 1986 मध्ये. संस्थानाच्या हद्दीपलीकडचे कोकण मात्र एवढे सुदैवी नव्हते. तेथील झाडांचा कैवार घेतला तो लॉरेन्सकर्क या स्कॉटिश गावात 1800 साली जन्मलेल्या एका शल्यचिकित्सकाने. त्यांचे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन. मुंबई इलाख्याचे ते पहिले वनसंरक्षक.

एडिंबरोत वैद्यक शिकून 1825 मध्ये गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. देवी टोचण्याच्या कामासाठी ते गावोगाव हिंडले आणि या भटकंतीत वनस्पतींचा नाद जडला. 1838 मध्ये पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाची सूत्रे त्यांच्याकडे आली. या उद्यानात आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागेत त्यांनी औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी दवाखान्यांना औषधे पुरविली. दापोडीच्या रोपांची चित्रेही त्यांनी एका चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र काळाच्या ओघात हरवले.

त्या काळी मुंबईची भूक मोठी होती. गोदीला साग हवा होता, चुलींना आणि भट्ट्यांना सरपण. पुढे 1853 मध्ये रेल्वे आली आणि मागणी आणखी वाढली. कोकणच्या खाड्यांतून लाकडाने भरलेली गलबते मुंबईकडे जात. कुलाब्याचे आंग्रे संस्थान 1840 मध्ये खालसा झाल्याने मुरुडच्या उत्तरेकडील डोंगरही कंपनीच्या हाती आले होते. उघडे पडलेले डोंगर, आटलेले झरे आणि गाळाने भरणाऱ्या खाड्या यांचा संबंध गिब्सन यांनी जोडला व तो सरकारला वारंवार कळविला. महसूल बुडेल या धास्तीने का होईना, सरकारला ते पटले. 1847 मध्ये वनसंरक्षकाचे पद निर्माण होऊन ते गिब्सन यांना मिळाले. मद्रास इलाख्यात अशी व्यवस्था 1856 मध्ये आली, तर अखिल भारतीय वनखाते 1864 मध्ये.

त्यांची चिंता आजच्या विज्ञानाच्या भाषेत मांडता येते. साग, ऐन, किंजळ ही झाडे तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात. हा फुटवा मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढतो. ते अन्न पुन्हा साठण्याआधीच कोयता फिरला तर दर खेपेस फुटवा खुरटत जातो आणि अखेरीस खोड मरते. दुसरा मुद्दा मातीचा. झाडाच्या खोडापेक्षा पाने, डहाळ्या आणि साल यांत नत्र, स्फुरद, कॅल्शियम यांचे प्रमाण वजनाच्या मानाने कितीतरी अधिक असते. नुसते खोड नेले आणि पालापाचोळा जागेवर सोडला तर माती सावरते. मोळीत डहाळ्याही बांधल्या की पुढच्या पिढीच्या झाडांचा घास जातो. उत्तर युरोपातील सूचिपर्णी जंगलांत ऊर्जेसाठी फांद्यांसकट लाकूड उचलले, तेथे पुढील दशकांत उरलेल्या झाडांची वाढ घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. कोकणच्या मुसळधार पावसात आणि जांभ्याच्या पातळ मातीत हा धोका अधिक. शिवाय चुलीतली राख मुंबईतच राहिली, डोंगरावर ती कधी परतली नाही.

गिब्सन यांनी तोडीवर परवाने आणि बंधने आणली. डोंगरउतारावरील कुमरी शेतीलाही आवर घातला. येथे त्यांचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी. बंदीचा भार पडला तो बहुतांशी शेतकरी आणि आदिवासींवर. भाताच्या रोपांसाठी डहाळ्या जाळून राब करणे ही कोकणची जुनी रीत. तिच्यावर पुढे इतकी बंधने आली, की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींसाठी 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. डहाळी तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरला, मुंबईची भट्टी ठरली नाही.

गिब्सन 1860 मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा आणि निकोल डाल्झेल यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वनसंरक्षकपदी त्यांच्यामागून डाल्झेलच आले. 1867 मध्ये गिब्सन यांचे निधन झाले. कोरांटीच्या कुळातील एका झुडपाला डाल्झेल यांनी त्यांचे नाव दिले आहे, बार्लेरिया गिब्सोनी. सह्याद्रीत ते आजही फुलते.

औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर शेतातील अवशेषांच्या गोळ्या जाळण्याचे धोरण केंद्राने 2021 मध्ये अधिक कडक केले. शेताचा पेंढा आणि जंगलाची डहाळी यांतील फरक तपासणार कोण, हा प्रश्न गिब्सन यांच्या टेबलावरही होता.