एकाच पंगतीतला वेगळा घास

इगतपुरीचा पावसाळा म्हणजे खिडकीशी आलेले धुके, ओली दप्तरे आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यांवर तुटून पडणारी मुले. मी शिक्षिका होते तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या एका मुलाने मैत्रिणीच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छाती घरघरू लागली. त्याला शेंगदाणे चालत नाहीत हे आईला ठाऊक होते, मला नव्हते. दवाखाना जवळ होता म्हणून निभावले. त्यानंतर मी डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

१८७४ साली व्हिएन्नाजवळ जन्मलेले पिर्के आधी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले, मग वैद्यकाकडे वळले. १९०० मध्ये डॉक्टर होऊन ते व्हिएन्नात बालरुग्णांवर उपचार करू लागले. तेव्हा घटसर्पावर घोड्याच्या रक्तातले सीरम टोचत. त्याने मुले वाचत. पण काहींना ताप येई, पुरळ उठे, सांधे सुजत. तेच सीरम पुन्हा टोचले तर त्रास अधिक लवकर होई. बेला शिक यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. पहिल्या भेटीनंतर शरीराची वागणूकच बदलते, हे त्यांनी ओळखले आणि १९०६ मध्ये या बदलाला नाव दिले : ॲलर्जी.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात मुलांची उपासमार झाली. अमेरिकेच्या मदतीतून त्यांना जेवण देण्याच्या कामाची धुरा पिर्के यांनी वाहिली. हजारोंची पंगत, पण प्रत्येक मूल तपासून त्याची गरज ठरवायची, ही त्यांची रीत. १९२९ मध्ये त्यांनी पत्नीसह जीवन संपवले, हे वाचून मन विषण्ण झाले.

आपल्या शाळांनी त्यांची ही रीत उचलावी. प्रवेशाच्या वेळीच मुलाला काय चालत नाही ते लिहून घ्यावे आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही सांगावे. अशा मुलाने दुसऱ्याच्या डब्यातले खाऊ नये. थोडे खाल्ल्याने सवय होईल, असे म्हणून आग्रह करू नये. श्वास अडला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार.

तो मुलगा आता बाप झाला आहे. लेकीला शाळेत घालताना त्याने बाईंच्या हाती आधी एक चिठ्ठी दिली. ती वाचून बाईंनी वहीत नोंद केली. मला बरे वाटले.