भाभांची मुदत ठेव

मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, पंखा बंद पडतो आणि घरोघरी विजेचा विषय निघतो. तारेतून वाहताना विजेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. ही गळती शून्यावर आणणारे पदार्थ म्हणजे अतिसंवाहक. त्यांना लागते कडाक्याची थंडी. १९८७ साली गाजलेले 'उच्च तापमानाचे' अतिसंवाहक चालते, तेही उणे १८० अंशांना!

मुंबईत या संशोधनाला घर मिळाले ते होमी भाभांमुळे. जन्म १९०९चा, सधन पारशी घरातला. केंब्रिजला इंजिनिअर व्हायला गेले आणि भौतिकशास्त्रात रमले. १९३९ साली सुटीवर आले, महायुद्ध पेटले, परतीची वाट बंद झाली. पुढे ती मोकळी झाली, तरी ते इथेच राहिले. १९४४ साली त्यांनी टाटा विश्वस्तांकडे संशोधनसंस्थेसाठी मदत मागितली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. लगेच परतावा न देणारा असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी बँकेत सही करताना दहादा विचार केला असता. भाभा मात्र आधी माणूस हेरत, मग त्याच्याभोवती काम उभे करत.

१९६६ साली, ५६व्या वर्षी, आल्प्समधल्या विमान अपघातात ते गेले. १९९४ साली त्यांच्याच संस्थेतल्या संशोधकांनी इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात अतिसंवाहकता दाखवली, उणे २६१ अंशांना. चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे वैरी, आणि निकेल चुंबकीय धातू; म्हणूनच जाणकारांना नवल वाटले.

ते पाहायला भाभा नव्हते. ठेव मात्र बुडाली नाही.