आकड्यांचे दोस्त कापरेकर गुरुजी

कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे मोठे गणिती होते. पण ते कॉलेजात प्रोफेसर नव्हते, शाळेत मास्तर होते. म्हणून मी त्यांच्यावर लिहायचं ठरवलं.

त्यांचा जन्म दि. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यात आकडेमोड फार, तिथूनच मुलाला गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत होते. आपल्या मलकापूरहून रेल्वेने मुंबईकडे निघालं की नाशिक रोडच्या पुढं देवळाली लागते.

त्यांचा आवडता आकडा ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. २२२२ सारखी सगळे अंक एकच असलेली मात्र नको. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करा. मी गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेतलं.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढं कितीही करा, ६१७४ च येते! सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. आलेल्या पालकांनी पण इथे उभ्या उभ्या करून पाहावे, फक्त हातचे सांभाळा. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत सांगितला.

पण आपल्याकडचे पुष्कळ विद्वान याला पोरखेळ समजत. गुरुजींनी स्वतःच्या पगारातून पुस्तिका छापल्या. मला याचं लई वाईट वाटलं. पेन्शन पुरेना म्हणून म्हातारपणी त्यांनी शिकवण्या केल्या. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं.

त्यांनी संख्यांच्या जाती पाडल्या. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १४२८५७ बघा. अंकांची बेरीज २७. मी भाग दिला, ५२९१ आले, बाकी शून्य! हीच संख्या कापरेकर संख्या पण आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज परत १४२८५७. एवढा मोठा गुणाकार मी दोनदा ताडून पाहिला, पाटी पुरली नाही, वहीचं पान लागलं.

तिसरी जात स्वयंभू. २१ मध्ये तिचेच अंक २ आणि १ मिळवले की २४ होतात, म्हणून २४ ला आई आहे. २० ला अशी आई कोणतीच नाही. १०० पर्यंत अशा १३ संख्या आहेत. मी सगळ्या शोधल्या, पण इथं लिहीत नाही, तुम्ही शोधा.

कापरेकर गुरुजी १९८६ साली वारले.

– इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, रोहिणखेड