क्रिस्टोफर स्ट्रेची

क्रिस्टोफर स्ट्रेची (जन्म : १६ नोव्हेंबर, इ.स. १९१६, हॅम्पस्टेड, लंडन. मृत्यू : १८ मे, इ.स. १९७५) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. प्रोग्रॅमिंग भाषांच्या अर्थविचाराला गणिती पाया देणाऱ्या अग्रगण्य अभ्यासकांत त्यांची गणना होते. संगणकाच्या भाषेत संख्येला जे स्थान आहे तेच फंक्शनलाही असले पाहिजे, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. एका फंक्शनच्या हाती दुसरे फंक्शन सोपवणे, म्हणजेच कॉलबॅक, आणि गरज पडेल तेव्हाच घटक तयार करून ते जपून ठेवणारे संग्रह, या आजच्या प्रोग्रॅमिंगमधील दोन नित्य वापराच्या गोष्टी आहेत. त्यांच्या वैचारिक पायाभरणीत स्ट्रेची व त्यांच्या शिष्यांचा मोठा वाटा आहे.

कुटुंब आणि बालपण

स्ट्रेची यांचे घराणे इंग्लंडमधील प्रतिष्ठित व बुद्धिमंतांचे होते. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात पाटबंधारे व सार्वजनिक बांधकाम क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनसह देशाच्या मोठ्या भागावर दुष्काळ कोसळला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे ते अध्यक्ष होते. वडील ऑलिव्हर यांनी काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली. पुढे ते ब्रिटनचे नामवंत गूढलिपीतज्ज्ञ झाले आणि दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले. आई रे स्ट्रेची या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या व लेखिका होत्या. चरित्रलेखनाला नवे वळण देणारे लेखक लिटन स्ट्रेची हे क्रिस्टोफर यांचे काका. क्रिस्टोफर यांचे बालपण लंडनमधील गॉर्डन स्क्वेअर येथे गेले.

शिक्षण आणि युद्धकाळ

ग्रेशम्स स्कूलमधील शिक्षणानंतर १९३५ मध्ये स्ट्रेची यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे ते गणिताकडून निसर्गविज्ञानाकडे वळले. तिसऱ्या वर्षी त्यांना मानसिक आजाराने गाठले व अभ्यासात खंड पडला. अखेरीस त्यांना पदवी मिळाली, परंतु श्रेणी सामान्य होती. संशोधनाच्या क्षेत्रात शिरण्यासाठी ती पुरेशी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत पदार्थवैज्ञानिक म्हणून काम केले. रडारसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हची गणिते सोडवताना त्यांचा डिफरन्शियल अ‍ॅनालायझर या गणनयंत्राशी संबंध आला. यंत्राकडून गणित करवून घेण्याची त्यांची ओढ येथे सुरू झाली.

शिक्षकी पेशा आणि संगणकाशी परिचय

युद्ध संपल्यावर स्ट्रेची शाळामास्तर झाले. प्रथम कँटरबरीच्या सेंट एडमंड्स स्कूलमध्ये आणि १९४९ पासून हॅरो स्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले. जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राच्या ओळखीने ते नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले व तेथील पायलट एस हा संगणक त्यांनी पाहिला. चौसष्ट घरांच्या पटावर सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या ड्राफ्ट्स या खेळाची आज्ञावली त्यांनी फावल्या वेळात या यंत्रासाठी लिहिली. पण तेथे त्यांना पूर्ण यश आले नाही.

यानंतर त्यांनी मँचेस्टरमधील फेरांटी मार्क वन या संगणकासाठी लेखन सुरू केले. त्या यंत्राची हस्तपुस्तिका ॲलन ट्युरिंग यांनी लिहिली होती. स्ट्रेची यांनी तेथे चालवलेली पहिली आज्ञावली हजाराहून अधिक आदेशांची होती, आणि काम संपताच यंत्राने ब्रिटनच्या राष्ट्रगीताची धून वाजवली. १९५१ मध्ये बीबीसीने या यंत्राच्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. संगणकीय संगीताच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची आज्ञावली ड्राफ्ट्सचा पूर्ण डाव खेळू लागली. त्याच वर्षी त्यांनी यादृच्छिक शब्दनिवडीने प्रेमपत्रे रचणारी आज्ञावलीही लिहिली.

सल्लागार म्हणून कार्य

जून १९५२ मध्ये स्ट्रेची यांनी शाळा सोडली व नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये तांत्रिक अधिकारी म्हणून रुजू झाले. या नोकरीत असताना त्यांनी टोरांटो येथे सेंट लॉरेन्स जलमार्ग प्रकल्पाची गणिते संगणकावर सोडवण्यास साहाय्य केले, तसेच फेरांटी पेगसस या संगणकाच्या आखणीत महत्त्वाचा वाटा उचलला. एकाच संगणकाचा वेळ अनेक कामांत वाटून देण्याची कल्पना त्यांनी १९५९ मध्ये पॅरिस येथील युनेस्कोच्या परिषदेत मांडली. त्याच वर्षी ते स्वतंत्र सल्लागार झाले. पीटर लँडिन यांना त्यांनी साहाय्यक म्हणून नेमले. अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कॅल्क्युलस या गणिती पद्धतीच्या आधारे प्रोग्रॅमिंग भाषा समजून घेण्याचा लँडिन यांचा अभ्यास याच काळात आकाराला आला.

केंब्रिज आणि सीपीएल

१९६२ मध्ये स्ट्रेची केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत आले. केंब्रिज व लंडन येथील सहकाऱ्यांसह त्यांनी सीपीएल ही भाषा आखली. ती यंत्रावर पूर्णपणे कधीच उतरली नाही, तरी मार्टिन रिचर्ड्स यांनी तिच्यापासून बीसीपीएल ही लहान भाषा घडवली. बीसीपीएलपासून बी आणि बीपासून सी भाषा निर्माण झाली.

फंक्शनचा दर्जा

१९६७ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगन येथील उन्हाळी वर्गात स्ट्रेची यांनी प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी भाषेतील वस्तूंचे प्रथम दर्जाच्या व दुय्यम दर्जाच्या असे वर्ग पाडले आणि त्यासाठी नागरिकत्वाची उपमा योजली. अल्गोल ६० या भाषेत संख्या व्हेरिएबलमध्ये साठवता येई, दुसऱ्या प्रोसिजरला देता येई आणि उत्तर म्हणून परतही मिळे. प्रोसिजर मात्र दुसऱ्या प्रोसिजरला केवळ देता येई. ती साठवता येत नसे व उत्तर म्हणून मिळत नसे. म्हणजे कॉलबॅक देण्याची सोय होती, पण तो पुढच्या वापरासाठी ठेवून देण्याची नव्हती. फंक्शनला हे सर्व हक्क मिळावेत, अशी स्ट्रेची यांची भूमिका होती. असे झाल्यास फंक्शनने आपल्याबरोबर बाहेरील व्हेरिएबलची मूल्येही वाहून नेली पाहिजेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. लँडिन यांनी अशा जोडगोळीला क्लोजर हे नाव दिले होते.

कॉलबॅकचा प्रकार

अल्गोल ६० मधील दुसरी उणीव प्रकारांविषयीची होती. कॉलबॅक म्हणून येणारी प्रोसिजर किती व कोणत्या प्रकारची मूल्ये घेते, हे तेथे नोंदवण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे चुकीची प्रोसिजर दिली गेल्यास तो दोष आधी पकडता येईलच असे नसे.

स्ट्रेची यांनी या संदर्भात मॅप या फंक्शनचे उदाहरण घेतले. मॅपला एक फंक्शन व एक यादी दिली की यादीतील प्रत्येक घटकाला ते फंक्शन लावून नवी यादी मिळते. गुणांच्या यादीतून श्रेणींची यादी करता येते, तशीच नावांच्या यादीतून अक्षरसंख्यांचीही करता येते. मॅपचे काम दोन्हीकडे अगदी सारखेच असते. म्हणून त्याचा प्रकार सर्वसाधारण रूपात लिहावा लागतो : अल्फा घेऊन बीटा देणारे फंक्शन आणि अल्फांची यादी दिल्यास बीटांची यादी मिळते. अल्फा व बीटा काहीही असू शकतात. मात्र फंक्शन जे घेते तेच यादीत असले पाहिजे. या गुणधर्माला स्ट्रेची यांनी पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम असे नाव दिले. पूर्णांकांची बेरीज व अपूर्णांकांची बेरीज एकाच चिन्हाने लिहिण्यासारख्या सोयीपासून त्यांनी तो वेगळा काढला. १९७८ मध्ये रॉबिन मिल्नर यांनी ही कल्पना काटेकोर सिद्धांतात बसवली. आज अनेक भाषांत जेनेरिक्स या नावाने ती परिचित आहे.

ऑक्सफर्ड आणि आळशी मूल्यमापन

स्ट्रेची यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुपची स्थापना केली. १९६९ मध्ये तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट तेथे आले. दोघांनी मिळून आज्ञावलीच्या प्रत्येक भागाला गणिती अर्थ देणारी पद्धत उभारली. ती डिनोटेशनल सिमँटिक्स या नावाने ओळखली जाते. १९७१ मध्ये स्ट्रेची प्राध्यापक झाले.

फंक्शनला दिलेली राशी केव्हा मोजायची, हा त्या काळातील एक कळीचा प्रश्न होता. आधीच मोजली तर पुढे न लागल्यास श्रम वाया जातात. अल्गोलच्या नामाने देण्याच्या पद्धतीत ती लागेल तेव्हा मोजली जाई, पण दहा वेळा लागली तर दहा वेळा मोजावी लागे. स्ट्रेची यांचे शिष्य ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी १९७१ च्या प्रबंधात यावर उपाय दाखवला. राशी न मोजता तिची एकच सामाईक नोंद ठेवायची, प्रथम गरज पडताच ती मोजायची आणि त्या नोंदीच्या जागी उत्तर लिहायचे. नंतर मागणाऱ्या सर्वांना तेच उत्तर मिळते.

हीच युक्ती यादीच्या प्रत्येक घटकाला लावली की आळशी संग्रह तयार होतो. मूळ संख्यांची यादी अनंत आहे. पण दहावी मूळ संख्या मागितल्यास अशी यादी दहाच संख्या काढते व त्या जपून ठेवते. पुन्हा मागितल्यास काहीही मोजावे लागत नाही. याचा मोबदला स्मृतीच्या जागेत द्यावा लागतो. लँडिन यांनी १९६५ मध्येच मागणीनुसार उलगडणाऱ्या याद्यांचा विचार मांडला होता. ऑक्सफर्डमध्ये स्ट्रेची यांच्या हाताखाली शिकलेले डेव्हिड टर्नर यांनी एसएएसएल व मिरांडा या भाषा घडवल्या. मिरांडाचा ठसा पुढे हास्केल या आळशी भाषेवर उमटला.

अशा संग्रहाला दिलेला कॉलबॅक नेमका केव्हा चालेल, किंवा चालेल की नाही, हे देणाऱ्याला आधी ठाऊक नसते. तो कॉलबॅक घड्याळ पाहत असेल किंवा बाहेरील एखादे व्हेरिएबल बदलत असेल, तर जपून ठेवलेले उत्तर फसवे ठरते. एकाच पदावलीचे मूल्य सर्वत्र एकच असावे, या गुणाला रेफरन्शियल ट्रान्स्परन्सी म्हणतात. तत्त्वज्ञ क्वाइन यांच्याकडून घेतलेल्या या संज्ञेची चर्चा स्ट्रेची यांनी कोपनहेगनच्या व्याख्यानांतच केली होती.

कंटिन्युएशन

आज्ञावलीतील उडीला अर्थ कसा द्यावा, हा प्रश्न सोडवण्यासाठी स्ट्रेची व वॉड्सवर्थ यांनी १९७४ मध्ये कंटिन्युएशनवर प्रबंधिका लिहिली. प्रत्येक टप्प्याला त्यापुढील उरलेले सर्व काम एका फंक्शनच्या रूपाने दिले जाते. टप्पा ते फंक्शन बोलावतो किंवा ते सोडून दुसरेच बोलावतो, आणि दुसरे बोलावणे म्हणजेच उडी. याच सुमारास इतर संशोधकांनाही ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. काम संपल्यावर पुढे काय करायचे हे सांगणाऱ्या आजच्या कॉलबॅकची रचना हीच आहे.

मृत्यू आणि वारसा

रॉबर्ट मिल्न यांच्यासह लिहिलेला विस्तृत प्रबंध स्ट्रेची यांनी केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी पाठवला, पण त्याला पारितोषिक मिळाले नाही. त्याच्या सुधारणेचे काम चालू असतानाच यकृताच्या संसर्गाने १८ मे १९७५ रोजी स्ट्रेची यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. मिल्न यांनी तो ग्रंथ पूर्ण करून १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. स्ट्रेची यांच्या जागी ऑक्सफर्डमध्ये टोनी होअर आले.

स्ट्रेची यांचे प्रसिद्ध लेखन थोडे आहे. कोपनहेगनच्या व्याख्यानांची टिपणे ३३ वर्षे हस्ते परहस्ते फिरत राहिली व २००० मध्ये प्रथम छापली गेली. तोपर्यंत त्यांतील बहुतेक संज्ञा पाठ्यपुस्तकांत रुळल्या होत्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात त्यांच्या नावाने स्ट्रेची व्याख्यानमाला चालवली जाते.