१८६५ ची मंदी आणि प्रेमचंद रायचंद

आमच्या वेवजीजवळून जी पश्चिम रेल्वे जाते, ती १८६४ मध्ये सुरतेकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. त्या वर्षी मुंबईत पैशाला तोटा नव्हता. पुढच्याच वर्षी ती मुंबई बुडाली. वर्गात मुलं मंदी म्हणजे काय विचारतात, तेव्हा मी पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवते आणि प्रेमचंद रायचंद यांची हकीकत सांगते.

प्रेमचंद १८३१ मध्ये सुरतेत एका जैन घरात जन्मले. लहानपणीच घरच्यांबरोबर मुंबईला आले, इंग्रजी शिकले. इंग्रजी बोलता-लिहिता येणारा देशी दलाल त्या काळी क्वचितच सापडायचा, त्यामुळे कापूस आणि शेअर या दोन्ही बाजारांत त्यांचा जम लवकर बसला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. पण याच महागाईने हातमागावर पोट असणाऱ्या विणकरांचे हाल केले. ज्या घरात माग, त्या घरात सूत परवडेना. तेजीच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही.

मुंबईत आलेला पैसा जिरवायला जागा हवी होती. रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली. बॅकबेचा समुद्र भरून जमीन करायची कंपनी निघाली. तिचा ५००० रुपयांचा शेअर कितीतरी पट भावाने विकला जायचा, आणि जमीन अजून पाण्याखालीच! पारशी, भाटिया, खोजा, मेमन, इंग्रज साहेब, सगळेच त्यात होते. बँक ऑफ बॉम्बेत प्रेमचंद यांच्या शब्दाला एवढं वजन होतं की त्यांनी नाव सुचवावं आणि कर्ज मंजूर व्हावं. तारण काय, तर शेअरचे कागद. शेअर घेण्यासाठी कर्ज आणि कर्जाला तारण तेच शेअर. इथेच सगळं बिघडलं. भाव चढता होता तोवर कुणाला दिसलं नाही, एवढंच.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची खबर आली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसा नव्हता. याचं त्याच्याकडे अडकलेलं, त्याचं तिसऱ्याकडे. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच बंद करावी लागली आणि १८६८ मध्ये नवी उभी राहिली. चौकशी आयोग बसला, त्यात प्रेमचंद यांच्या कर्जांचा सगळा हिशेब निघाला. त्यांचं दिवाळं निघालं होतंच.

पण शेअरवाल्यांपुरतं हे राहिलं असतं तर मी वर्गात सांगितलं नसतं. बांधकामं थांबली, गोदीवरची हमाली थांबली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५. म्हणजे पावणेदोन लाख माणसं कमी. बहुतेक पोटासाठी आली होती, काम गेल्यावर गावाकडे परतली. पण गावातही काय होतं? तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं होतं. आता भाव पडला, कर्ज तेवढंच. वर १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात सरकारने शेतसारा वाढवला, मग इतर तालुक्यांतही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जरोखे जाळले. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा त्यातूनच आला.

प्रेमचंद यांच्याबद्दल माझं मत दोन तऱ्हेचं आहे. लोकांच्या ठेवी त्यांच्यासारख्यांच्या एतबारावर उडाल्या, हे माफ करण्यासारखं नाही. पण ते पळाले नाहीत. मालमत्ता देणेकऱ्यांच्या हवाली केली आणि दलालीचा धंदा पुन्हा खालपासून उभा केला. १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांची संघटना झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९०६ मध्ये वारले.

तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लाख दिले होते. त्यांच्या वालिदा राजाबाई यांना दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे, म्हणून टोल ऐकू येणारं घड्याळ, असं सांगतात. मनोरा पुरा व्हायला १८७८ उजाडलं.

बॅकबे कंपनीही बुडाली. समुद्रकाठची जी थोडी पट्टी भरून झाली होती, ती रेल्वेच्या कामी आली. डहाणूहून चर्चगेट लोकलने जाणारी आमची माणसं शेवटची दोन-तीन स्टेशनं त्याच पट्टीवरून जातात.