घाटाचा राखणदार बंडखोर का झाला? खाजा नाईकांची गोष्ट

अल्लुरी सीताराम राजू आणि कोमराम भीम ही नावे ‘आरआरआर’मुळे घरोघरी पोचली. असाच सिनेमा खान्देशात घडवायचा तर सुरुवात बिजासन घाटातून करावी लागेल. शिरपूरहून पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे जाताना आज जिथे ट्रकांची रांग लागते, तो हा घाट. मुंबई-आग्रा रस्त्यावरची डाक, व्यापार, खजिना तेव्हाही इथूनच जाई.

कोण होते खाजा नाईक?

या घाटाचे भिल्ल राखणदार. वडील गुमान नाईक यांच्यानंतर हे काम त्यांच्याकडे आले. सुमारे वीस वर्षे त्यांनी कंपनी सरकारची चाकरी केली, हे विसरता येत नाही. पुढे ताब्यातल्या एका आरोपीच्या मृत्यूवरून त्यांना दहा वर्षांची कैद झाली. मुदतीआधी सुटका झाली. १८५७चा वणवा पेटला तेव्हा घाट सांभाळायला सरकारला पुन्हा तेच हवे होते. नोकरी परत मिळालीही. पण थोड्याच काळात ते भीमा नाईकांसोबत सातपुड्यात उतरले. वीस वर्षे राखलेल्या वाटा आता सरकारवर उलटल्या. इंदूरहून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना याच रस्त्यावर लुटला गेला.

आंबापाणीत काय झाले?

११ एप्रिल १८५८. इंग्रज फौजेने सातपुड्यात आंबापाणीजवळ बंडखोरांना गाठले. खडकांआडून दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसे पडली. पकडलेल्या अनेकांना लगेच गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या.

सिनेमावाल्यांना अडचणीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. मोहिमेतले कॅप्टन बर्च भिल्ल कोअरचे अधिकारी होते. हे दल औट्रमने १८२५ मध्ये उभारले, त्याचे ठाणे धरणगावला, आजच्या जळगाव जिल्ह्यात. म्हणजे खान्देशातला भिल्ल सरकारी बंदूक खांद्यावर घेऊनही उभा होता आणि सरकारविरुद्धही. ‘आपले’ आणि ‘परके’ अशी सरळ वाटणी या लढ्यात बसत नाही.

शेवट कसा झाला?

आंबापाणीत खाजा नाईक हाती लागले नाहीत. आणखी दोन वर्षे ते डोंगरात फिरत राहिले. १८६० मध्ये विश्वासात शिरलेल्या माणसाने त्यांना दगा देऊन ठार केले. घाट मात्र वाहताच राहिला.